स्थानवंदन : संबंधत्याग आणि संबंधस्वीकार

गेल्या चातुर्मासात निरूपण आटोपल्यावर एका तरुण वासनिकाने उभे राहून दोन शंका विचारल्या. तो म्हणाला, "बाबा, सर्वज्ञांनी साधकाला आपला देश सोडायला सांगितला, आपला गाव सोडायला सांगितला, सोयऱ्याधायऱ्यांचा संबंध तर विशेषेकरून सोडायला सांगितला. मग त्याच साधकाने रिद्धपूर, पैठण, डोमेग्राम या गावांची ओढ मनात का बाळगावी? एका गावाचा मोह सोडून शंभर गावांचा धरायचा, हा त्याग कसा? दुसरे असे की, आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतो, पाषाण हा परमेश्वर नव्हे. आणि स्थानावर गेलो की पाषाणाच्याच ओट्यावर मस्तक ठेवतो. ते आम्हांला हसतात. त्यांना काय सांगावे?"

मी उत्तर दिले, "त्या स्थानाला परमेश्वराचा संबंध आहे, म्हणून." उत्तर शास्त्राला धरून होते. परंतु तो खाली बसला तो समाधान पावून नव्हे, वडील माणसापुढे अधिक बोलू नये म्हणून, हे माझ्या ध्यानी आले. 'संबंध' हा शब्द आपल्या पंथात इतका रुळलेला आहे, की तो उच्चारला म्हणजे विवेचन संपले असे आपण मानतो. वास्तविक तेथे विवेचनास आरंभ होतो. त्या दिवशी जे राहून गेले ते येथे मांडण्याचा प्रयत्न करतो. जाणत्यांनी उणे-अधिक सांभाळून घ्यावे.

स्थान म्हणजे काय

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. लोकव्यवहारात तीर्थ म्हणजे जेथील जलाने पाप धुतले जाते, जेथे दानाचे, श्राद्धाचे फळ वाढते, अशी भूमी. आपल्या शास्त्राची मांडणी याहून निराळी आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र आणि परस्परांहून भिन्न आहेत. जीवाचे बंधन अनादि अविद्येचे आहे. ते पाण्याने धुतले जाण्याजोगे नाही. देवता फळ देतात, परंतु ते फळ सरते. मोक्षाचा दाता एक परमेश्वर. तेव्हा जलामुळे, पर्वतामुळे किंवा तेथील देवतेच्या प्रतापामुळे जी भूमी थोर ठरते तिला आपण त्या कारणाने वंदन करीत नाही. श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर या पाच अवतारांपैकी कोणाचे चरण ज्या भूमीला लागले, जेथे त्यांनी वास केला, आसन केले, तेवढ्या भूमीला आपण स्थान म्हणतो.

श्रीचक्रधर प्रभूंच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्यांच्या छत्राखाली म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या. ज्याने जे पाहिले, ज्याने जे ऐकले, ते त्याच्यापाशी जाऊन विचारले, पडताळले आणि शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७८ च्या आसपास, लीळाचरित्र सिद्ध केले. रिद्धपूरची वाजेश्वरी ही त्या लेखनाची जागा म्हणून परंपरा दाखवते. या ग्रंथात लीळा बहुधा एखाद्या गावात, एखाद्या देवळात, एखाद्या नदीच्या थडीला घडते. नुसतीच 'एके ठिकाणी' घडत नाही. पुढे स्थानपोथीने या सर्व जागांची नोंद केली. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, आसन त्याच्या कोणत्या अंगाला, तेथून पुढचे स्थान कोणीकडे, असा तिचा क्रम आहे. सातीग्रंथांतही रवळोबासांचे सह्याद्रवर्णन आणि नारोबास बहाळिये यांचे ऋद्धिपुरवर्णन हे दोन ग्रंथ स्थानमाहात्म्याचेच आहेत. आपल्या पूर्वजांनी स्थानाकडे किती बारकाईने पाहिले, याची ही साक्ष होय.

या नोंदीतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अवस्थान, वसती, आसन, विहरण, आरोगणा, मर्दना यांच्या बरोबरीने परिश्रयाच्या जागाही तेथे नोंदलेल्या आहेत. स्वामी जेथे राहिले ती जागा वंद्य, आणि जेथे देहधर्मासाठी गेले तीही वंद्य. तेथे कोणताही चमत्कार घडलेला नाही. लोकांच्या दृष्टीने तर ती जागा अशुद्ध ठरावी. तरी ती नमस्कारी आहे. यावरून स्थानाचे महत्त्व तेथे घडलेल्या कर्माच्या मोठेपणात नाही, तर ज्याने ते केले त्याच्या ईश्वरत्वात आहे, हे उघड होते.

पहिली शंका : पाषाण अचेतन आहे

आता तरुणाच्या दुसऱ्या शंकेचा विचार आधी करू. प्रपंच हा अचेतन पदार्थ. ओट्याचा दगड प्रपंचात मोडतो. तो ऐकत नाही, पाहत नाही, देत नाही. मग त्याला दंडवत कसला?

येथे स्वामींच्या निवासाचा प्रकार आठवावा. पैठणास स्वामी भोगनारायणाच्या देवळात राहत. वेरूळच्या लेण्यांत त्यांचा वास झाला. गावोगावी त्यांची वसती बहुधा देवळाच्या मढात, ओसरीत, पटांगणात असे. म्हणजे गाभाऱ्यात एक देवता आहे, आणि ओसरीत स्वामी बसलेले आहेत. आज आपण तेथे जातो तेव्हा गाभाऱ्याकडे न वळता ओसरीतल्या एका जागी मस्तक टेकतो. बाहेरच्या मनुष्याला हे विपरीत वाटते. देव समोर असताना हे रिकाम्या कोपऱ्याला का नमस्कार करतात, असे तो विचारतो. त्याचे विचारणे आपल्याला उपकारक आहे. कारण तो नकळत आपल्या मताचे मर्म सांगून जातो : तो कोपरा खरोखरच रिकामा आहे.

मूर्ती पाहणाऱ्याला सांगते, देव येथे आहे. ओटा असे सांगत नाही. त्याला मुख नाही, हात नाहीत, आयुधे नाहीत. तो एवढेच सांगतो, की येथे परमेश्वर बसले होते आणि आता ते येथे नाहीत. ओटा हे रिकामे आसन आहे. म्हणून ओट्याला केलेले वंदन आणि पाषाणाला देव मानणे यांत भेद आहे. पाषाणाला देव मानणाऱ्याला देव सापडल्याचे समाधान होते. स्थानवंदन करणाऱ्याला, आपण उशिरा आलो, सन्निधान अंतरले, याची जाणीव झाली पाहिजे. शास्त्रात जिला अनुताप म्हटले आहे ती हीच. असन्निधानकाळी स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने सांगितली, त्यांचा विनियोग असन्निधानाचा विसर पाडण्यासाठी नाही. असन्निधान हे असन्निधान म्हणून कळावे, आणि त्या कळण्यातून नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे स्मरण जागावे, यासाठी आहे.

एक व्यवहारातील दृष्टांत देतो. विदर्भातल्या एका घरी भिक्षेच्या निमित्ताने जाणे होई. त्या घरातील म्हातारी निवर्तली. पुढे गावात गिरणी आली, घरात गॅस आला, सगळे बदलले. पण तिचे जाते मुलाने परसात टाकले नाही. त्याचा लाकडी खुंटा तिच्या हाताने गुळगुळीत झाला होता. मुलगा येता-जाता त्यावर हात ठेवी. त्याला कोणी विचारले असते, हे जाते तुझी आई आहे काय, तर तो रागावला असता. आणि त्याऐवजी बाजारातले नवे जाते घेशील काय, असे विचारले असते, तर अधिकच रागावला असता. जाते आई नाही, आणि तरी दुसरे कोणतेही जाते त्याची जागा घेऊ शकत नाही. अचेतन वस्तूशी चेतनाचा संबंध असा असतो. वस्तूचा धर्म न पालटताही तिचे स्थान पालटते.

दृष्टांताला मर्यादा असते, तशी यालाही आहे. परमेश्वराच्या संबंधाने वस्तूच्या ठायी जे येते ते केवळ पाहणाऱ्याच्या आठवणीवर अवलंबून नाही. आठवणारा कोणी नसला तरी संबंध झालेला असतोच. परंतु साधकाला त्याचा उपयोग व्हायचा तो स्मरणाच्या द्वारेच होतो. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. आईचे जाते मुलाला प्रिय, कारण आई त्याची होती. तेथे 'माझी' हा शब्द मुळाशी आहे. तो शब्दच आपल्याला दुसऱ्या शंकेकडे घेऊन जातो.

दुसरी शंका : संबंध सोडावा की धरावा

स्वदेश, स्वग्राम आणि संबंधी यांच्या त्यागाची आज्ञा देताना सर्वज्ञांनी कोणती गोष्ट सोडायला सांगितली, हे नीट पाहिले पाहिजे. माती सोडायला सांगितलेली नाही; माती सर्वत्र आहे, आणि साधकाने तर झाडातळी राहायचे आहे. सोडायला सांगितले आहे ते 'स्व' हे पद. माझा गाव मला का आवडतो? तेथे लोक मला ओळखतात, माझ्या वडिलांना ओळखत होते, माझी भाषा बोलतात, मी आलो म्हणजे बसायला पाट देतात. त्या गावातील प्रत्येक वस्तू मला माझी आठवण करून देते. म्हणून तेथे राहणारा साधक देहाने भिक्षुक झाला तरी मनाने गावकरीच राहतो.

स्थान याच्या उलट आहे, निदान असले पाहिजे. रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात. फलटण सातारा जिल्ह्यात. पांचाळेश्वरचे आत्मतीर्थ बीड जिल्ह्यात गोदावरीच्या काठी. साळबर्डीचा डोंगर विदर्भाच्या उत्तर सीमेवर. भडोच तर गुजरातेत. या सर्व ठिकाणी मी कोणाचा कोणी नाही. तेथे मला कोणी ओळखत नाही, आणि तेथील एकही दगड माझी आठवण करून देत नाही. करून देतो ती परमेश्वराची. एका संबंधाच्या केंद्रस्थानी 'मी' आहे, दुसऱ्याच्या केंद्रस्थानी 'तो' आहे. शब्द एकच असला तरी पदार्थ दोन आहेत. पहिला सुटावा म्हणूनच दुसरा धरायचा. रिकामे मन फार काळ रिकामे राहत नाही. परमेश्वराच्या स्थानांनी ते भरले नाही, तर सोडून आलेला गाव तेथे परत येऊन वस्ती करतो. हे मी अनुभवाने सांगतो. संन्यासानंतरची पहिली दोन वर्षे मला स्वप्नात आमच्या मळ्यातली विहीर दिसे.

आणखी असे, की स्थानवंदन हे नित्याटनाशी विरोधी नाही. साधकाने एके ठिकाणी घर करू नये. स्थानेही एके ठिकाणी नाहीत. एकाला वंदन केले की पुढचे हाक मारते. म्हणजे स्थान साधकाला थांबवीत नाही, चालवते.

परंतु येथे आपण सर्वांनी, महंतांनी आणि वासनिकांनीही, स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या क्षणी मी 'आमचे स्थान' असे म्हणू लागतो त्या क्षणी काय होते? सोडलेला स्वग्राम मागच्या दाराने आत आलेला असतो. मग आमच्या स्थानाची यात्रा त्यांच्या स्थानाहून मोठी झाली पाहिजे, आमचे शिखर उंच झाले पाहिजे, व्यवस्था आमच्याच आम्नायाकडे राहिली पाहिजे, असे वाद उभे राहतात. एका ठिकाणी मी ओट्याच्या भोवती बसवलेल्या संगमरवरी फरशीवर देणगीदारांची नावे वाचली. वडिलांच्या स्मरणार्थ, आईच्या स्मरणार्थ, अशी ती होती. भक्तिभावात उणेपणा नव्हता. परंतु त्या ओट्यापाशी कोणती लीळा झाली, हे सांगणारी एक ओळही तेथे नव्हती. मनुष्य खाली वाकतो आणि त्याच्या दृष्टीस पडते ते कोणा तरी गृहस्थाचे कुलनाम. परमेश्वराच्या आसनापाशीही आपण आपापले संबंधी नेऊन बसवले, असेच याला म्हणावे लागेल.

याचा अर्थ स्थानांची डागडुजी करू नये असा नव्हे. वासनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या चुना लावला, दिवा लावला, झाडलोट केली, म्हणून कित्येक स्थाने आज दाखवता येतात. ती सेवा थोर आहे. सेवा आणि मालकी यांतील रेषा बारीक असते, आणि ती पायाखाली केव्हा पुसली जाते हे कळत नाही, एवढेच सांगायचे आहे.

प्रसिद्ध स्थळांचा धोका

काहींचे म्हणणे असे, की स्थळ कोणतेही असो, लाखो लोकांच्या श्रद्धेने ते पवित्र होतेच. आपल्या शास्त्राला हे मान्य नाही. मातापूर आणि कोल्हापूर या दोन ठिकाणी साधकाने जाऊ नये, अशी सर्वज्ञांची आज्ञा प्रसिद्ध आहे; तेथील स्थान साभिमान आहे, हे कारणही सांगितले आहे. म्हणजे ती ठिकाणे सामर्थ्यहीन म्हणून वर्ज्य नाहीत. सामर्थ्य आहे आणि त्या सामर्थ्याला अभिमान आहे, म्हणून साधकाला वर्ज्य आहेत. स्थळाचा प्रताप ही साधकाला नेहमीच अनुकूल गोष्ट नसते, हा यातील बोध. जेथे प्रताप मोठा तेथे मागणेही मोठे होते, आणि मागणारा मागता मागता अनन्यता गमावतो.

तथापि माहूर हे श्रीदत्तात्रेय प्रभूंचेही ठिकाण आहे. देवदेवेश्वरी, मेरुवाळ्याच्या तळ्यावर आपण वंदनाला जातोच. याची संगती मला अशी वाटते : भूमी एकच असली तरी जाणारा कशासाठी जातो, त्यावर त्याचे जाणे ठरते. प्रतापाकडे जाणारा साभिमान स्थानी गेला; प्रभूंच्या संबंधाकडे जाणारा, त्याच वाटेने जाऊनही, दुसऱ्या ठिकाणी पोहोचला. म्हणून तेथे जाणाऱ्याने आपल्या हेतूची झडती इतर स्थानांपेक्षा अधिक कठोरपणे घ्यावी, हे त्या आज्ञेचे आजचे पालन होय.

हीच कसोटी जाळीच्या देवासारख्या आपल्या स्थानालाही लावावी लागते. तेथे बाधेने, व्यथेने गांजलेली माणसे दूरदूरहून येतात. कोणाची सून बोलत नाही, कोणाचा मुलगा रात्री उठून धावतो. त्यांच्यापैकी पुष्कळांना लीळा ठाऊक नसते, मत ठाऊक नसते. काही पंडित त्यांच्याकडे पाहून नाक मुरडतात : हे सकाम लोक, यांना स्थानाचे काय? मी तसे म्हणणार नाही. दुःखाने आलेल्याला प्रथम सावलीत बसवावे, पाणी द्यावे, त्याचे म्हणणे ऐकावे. आणि रोग असेल तर वैद्याकडे, डॉक्टरकडे जाण्यासही सांगावे, त्यात स्थानाचा कोणताच अपमान नाही. नंतर, त्याचे मन थोडे निवले म्हणजे, येथे कोण येऊन गेले ते त्याला सांगावे. स्वामींच्या भोवती जमलेले लोकही सगळे मोक्षाची इच्छा घेऊन आले नव्हते. दोष आहे तो आपला : मागायला आलेल्याला आपण मागण्यापाशीच सोडून देतो, आणि गर्दी मोजून स्थानाचे माहात्म्य वाढले असे समजतो.

वंदन कसे घडते

दुसऱ्यांचे दोष सांगितले. आता स्वतःचा सांगतो. काही वर्षांपूर्वी काही वासनिकांनी गाडी केली आणि मला बरोबर घेतले. गोदावरीकाठची स्थाने एका दिवसात जितकी होतील तितकी करायची, असे ठरले. पहाटे निघालो. गाडी थांबे, उतरावे, दंडवत घालावे, विडा अर्पण करावा, पुन्हा बसावे. सायंकाळी मंडळींनी आनंदाने मोजले, एकवीस स्थाने झाली. रात्री मठात माझ्याहून वडील असलेल्या एका गुरुबंधूंनी सहज विचारले, "सातव्या स्थानी कोणती लीळा?" मला सांगता आले नाही. नववे कोणते होते, तेही आठवेना. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "म्हणजे पाय तुझे गेले, तू गाडीतच होतास." त्या रात्री मला झोप आली नाही. अर्धे आयुष्य ज्या ग्रंथाचे अध्ययन-अध्यापन केले त्याचीच स्थळे मी न पाहता ओलांडून आलो होतो.

तेव्हापासून मी स्वतःपुरता एक नेम केला आहे. स्थानावर जाण्यापूर्वी ती लीळा वाचावी. तेथे गेल्यावर ती मनात उभी राहीपर्यंत मस्तक टेकू नये. स्वामी कोणीकडे मुख करून बसले असतील, बाइसा कोठे असतील, भक्तजन कोठे, विचारणारा कोठून आला असेल, हे पाहावे. स्थानपोथीने दिशा लिहून ठेवल्या त्या याचसाठी, असे मला वाटते. मग दंडवत घालावे. उठताना ती जागा रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहावे. तेवढे दुःख बरोबर घेऊन पुढे निघावे. असे एक स्थान घडले तरी त्या दिवसाची यात्रा झाली.

जे जाऊ शकत नाहीत त्यांचे काय

आरंभी सांगितलेल्या निरूपणाच्या वेळी मागच्या बाजूला एक वृद्ध वासनिक आई बसल्या होत्या. तो तरुण त्यांचाच नातू. सगळे उठून गेल्यावर त्या म्हणाल्या, "बाबा, माझे गुडघे गेले. रिद्धपूर पाहायचे राहिले. आता व्हायचे नाही. माझा धर्म अपुरा राहिला का?" नातवाची शंका बुद्धीची होती, आजीची प्राणाची.

या प्रश्नाचे उत्तर मी असे देतो. ज्याला पाय आहेत त्याने जावे. 'मनातच स्थान आहे' असे म्हणून घरी बसणे हे आळसाला तत्त्वज्ञानाचे पांघरूण घालणे होय. स्थान हे प्रत्यक्ष भूमीवर आहे, आणि अवतार प्रत्यक्ष चालले. परंतु ज्याचे पाय गेले आणि ओढ राहिली, त्याला स्थान अंतरले असे मी मानीत नाही. स्थानावर जाऊन जे दुःख व्हायला हवे, ते या आईला न जाताच झालेले आहे. 'तेथे परमेश्वर होते आणि मी तेथे नव्हते' हेच तर स्थान शिकवते.

भूमीचाही भरवसा देता येत नाही. १९७६ मध्ये पुरे झालेल्या जायकवाडीच्या धरणाने पैठणच्या वरच्या अंगाची गोदाकाठची कित्येक गावे नाथसागराच्या पोटात गेली. नदी पात्र बदलते, देवळे ढासळतात, रस्ता रुंद होताना ओटा हलवावा लागतो. समजा, एखादे स्थान उद्या पाण्याखाली गेले. त्याचा संबंध बुडाला काय? संबंध ही झालेली गोष्ट आहे, आणि झालेली गोष्ट कोणतेही पाणी न झालेली करू शकत नाही. पण आपण ती विसरलो, तर मात्र पाणी नसतानाही ते स्थान आपल्यापुरते बुडाले. कोरड्या जमिनीवर, शिखराखाली, दिव्यांच्या उजेडात बुडालेली स्थाने असू शकतात. म्हणून शिखराइतकीच लीळेची काळजी घेतली पाहिजे. रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे; मात्र तेथील अभ्यासकाने आपल्याला लीळा विचारली आणि आपल्याला ती सांगता आली नाही, तर तो आनंद आपल्याला लाजवणारा ठरेल.

त्या आईंना मी म्हटले, "तुम्ही नातवाला पाठवा. जाण्याआधी त्याने तुम्हांला श्रीप्रभूंच्या लीळा वाचून दाखवाव्यात, आणि आल्यावर सगळे सांगावे." तो गेला. शंका पूर्ण फिटली म्हणून गेला असे मी म्हणत नाही. आजीच्या शब्दाखातर गेला. परत आल्यावर तो तिच्यापाशी बसून सांगू लागला, तेव्हा योगायोगाने मी तेथे होतो. राजमठाचे त्याने पुष्कळ वर्णन केले. गर्दी किती होती, रांग किती होती, हेही सांगितले. आजीने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "बाळा, दरवाजा कोणत्या दिशेला आहे? श्रीप्रभू बाहेर निघत तेव्हा ऊन त्यांच्या तोंडावर येत असेल का पाठीवर?"

त्याने ते पाहिले नव्हते. तो गप्प बसला. पण चातुर्मासात शंका विचारून बसला होता तसा नव्हे. थोड्या वेळाने म्हणाला, "आजी, पुन्हा जाऊन येतो."

त्याच्या शंकेचे माझ्या निरूपणाने झाले नाही ते समाधान त्या एका प्रश्नाने आरंभले. आजीला रिद्धपुरात स्वतःचे काहीच पाहायचे नव्हते. तिला श्रीप्रभूंच्या मुखावरचे ऊन पाहायचे होते. स्वसंबंध गळून परमेश्वरसंबंध राहिला म्हणजे मनुष्य कसा बोलतो, ते मी त्या दिवशी ऐकले.

सकळ साधनवंतांस दंडवत प्रणाम.